वर्गणीदार प्रेक्षक

लासूर स्टेशनाहून सकाळच्या गाडीनें शहरांतील कॉलेजास जाण्याचा आमचा क्रम पुष्कळ वर्षांचा आहे. पूर्वीं या प्रवासांत एक वर्तमानपत्र चार हातांतून फिरे, आणि पोटूळ मागें पडेपर्यंत त्याच्या घड्या पार मोडून गेलेल्या असत. हल्लीं डब्यांत तशी देवघेव राहिलेली नाहीं. ज्याच्या त्याच्या तळहातावर लहानसा पडदा असतो आणि प्रत्येकाचा खेळ निराळा. परवां शेजारीं बसलेल्या एका विद्यार्थ्यास आम्हीं सहज विचारलें, "काय एवढं घाईनं पाहतोस रे?" तो म्हणाला, "सर, वेब सिरीज आहे. सबस्क्रिप्शन आज संपतंय, म्हणून शेवटचा भाग उरकतोय." "आणि उद्यां?" "उद्यां ती दिसणार नाही, सर."

सबस्क्रिप्शन म्हणजे आपली जुनी वर्गणीच. परंतु 'उद्यां दिसणार नाही' हे शब्द मात्र वर्गणीच्या जुन्या व्यवहारांत कोठें बसत नाहींत, आणि इतिहास शिकविणाऱ्या माणसास ते सहजासहजीं सोडवत नाहींत. म्हणून या नव्या वर्गणीची वंशावळ थोडी तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें.

मराठी वाचकास वर्गणी परकी नाहीं. गणपतीची असते, भजनी मंडळाची असते, आणि मासिकाची तर असतेच. प्रस्तुत वाचकांपैकीं कोणी ती भरली नाहीं हें संपादकांस ठाऊक आहे, आम्हांस नाहीं. 1832 च्या जानेवारींत बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' पत्र सुरू केलें तेव्हांपासून मराठी नियतकालिकांचा संसार वर्गणीदाराच्या भरंवशावर चालत आला आहे. ग्रंथांचेंहि तसेंच. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांतील कित्येक मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या याद्या छापलेल्या सांपडतात. अमुक गांवचे अमुक राव, प्रती दोन. या व्यवहारांत पैसा आगाऊ जाई खरा, पण त्याच्या बदल्यांत दोन गोष्टी मिळत: वर्गणीदाराचें नांव राही, आणि वस्तु त्याच्या घरीं येऊन घरचीच होऊन जाई. वर्गणी थांबली तर पुढचा अंक येत नसे. मागचा कोणी परत मागावयास येत नसे. पुण्याच्या नगर वाचन मंदिरासारख्या (1848) संस्थांत पुस्तक सभासदाचें होत नसे हें खरें, तथापि तें कपाटांत राही आणि सभासद बदलले तरी कपाट हलत नसे.

मनोरंजनाची वर्गणी मात्र निराळ्या कुळांतली आहे, आणि तिचा मूळ पुरुष शोधूं गेल्यास तो चित्रपटाच्याहि आधीं भेटतो. 1881 सालीं पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेरागृहांतील गाणें टेलिफोनच्या तारेनें दूरच्या दालनांत ऐकविलें. 1890 मध्यें त्याचा रीतसर धंदा झाला. वर्गणी भरावी, घरीं यंत्र लावून घ्यावें, आणि अंगरखाहि न चढवितां नाटक ऐकावें. मार्सेल प्रूस्त हा विख्यात कादंबरीकार या सेवेचा वर्गणीदार होता. बुडापेस्ट शहरांत 1893 पासून तारेवरून बातम्या आणि संगीत घरोघर पोंचविलें जाई. नभोवाणी निघाली आणि या तारा मुक्या झाल्या. पण घरबसल्या, तारेवरून, ठरीव रकमेंत, आणि हातीं कांहींच न उरतां, अशी जी आजच्या स्ट्रीमिंगचीं चार लक्षणें, तीं सर्व तेथें होतीं. अमेरिकेंत 1951 सालीं शिकागो शहरीं झेनिथ कंपनीनें तीनशें कुटुंबांस पैसे घेऊन दूरचित्रवाणीवर चित्रपट दाखविण्याचा प्रयोग केला. 1972 पासून एचबीओ ही वाहिनी मासिक वर्गणीवर चालूं लागली.

आपल्याकडे पडदा प्रथम तिकिटाचा होता. 1913 मध्यें दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' दाखविला तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत. पुढें गांवोगांवच्या जत्रांत तंबूंतले सिनेमे फिरूं लागले, आणि मराठवाड्यांतील किती पिढ्यांनीं पहिला चित्रपट कनातीखालीं मातींत बसून पाहिला याची गणती नाहीं. या फिरत्या तंबूंवरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 सालीं कान येथें गौरविला गेला, तेव्हां तंबू उतरणीस लागून बरींच वर्षें झालीं होतीं. मुंबईस दूरचित्रवाणी आली ती 1972 च्या गांधीजयंतीस, आणि संच बाळगण्यासाठीं सरकारी परवान्याचे पैसे 1985 पर्यंत भरावे लागत. ती वर्गणी नव्हे, कर होता. खरी वर्गणी आणली केबलवाल्यानें. 1991 नंतर गच्च्यांवरून आणि झाडांवरून काळ्या तारा लोंबूं लागल्या, महिन्याच्या सुरुवातीस पावतीपुस्तक घेऊन एक तरुण दारीं येऊं लागला, आणि पैसे बुडाले तर तोच खांबावर चढून तार तोडी. 1999 मध्यें 'अल्फा मराठी' निघाल्यावर त्या तारेंतून मराठीचा स्वतंत्र प्रवाह वाहूं लागला. केबलवाल्याशीं भांडतां येत असे, हा त्या व्यवस्थेचा गुण आम्हांस आतां आतां कळूं लागला आहे.

आतां आजच्या पद्धतीकडे वळूं. रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ या दोघांनीं 1997 सालीं कॅलिफोर्नियांत नेटफ्लिक्स ही पेढी काढली, ती टपालानें चित्रपटांच्या चकत्या भाड्यानें देण्यासाठीं. चित्रफितीच्या दुकानांत उशिराचा दंड बसला म्हणून हेस्टिंग्जना ही कल्पना सुचली असें सांगतात, परंतु ती सोयीस्कर आख्यायिका आहे हें रँडॉल्फनींच पुढें लिहून ठेविलें आहे. पेढ्यांच्या जन्मकथा देवतांच्या जन्मकथांप्रमाणेंच मागाहून रचल्या जातात. 1999 मध्यें त्यांनीं दर चकतीमागें भाडें घेण्याऐवजीं मासिक वर्गणी बसविली आणि दंड काढून टाकला. 2007 च्या जानेवारींत चकतीच्या जोडीस तारेवरून चित्रपट पाहण्याची सोय आली. टपालाची शाखा 2023 च्या सप्टेंबरांत कायमची मिटली. 2024 च्या अखेरीस या एका पेढीचे वर्गणीदार जगभर 30 कोटींहून अधिक होते.

तारेवरून चित्रपट येतो म्हणजे काय होतें, हें थोडें सांगितलें पाहिजे. नळाच्या धारेसारखा तो अखंड येत नाहीं. प्रत्येक चित्रपटाच्या स्वच्छ, मध्यम, अंधुक अशा अनेक प्रती आधींच करून ठेवितात आणि प्रत्येक प्रतीचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडतात. पाहणाऱ्याचें यंत्र पुढचे थोडे तुकडे आगाऊ मागवून साठवितें. तारेंत जोर असला तर स्वच्छ प्रतींतला तुकडा मागतें, नसला तर अंधुक. गाडी वेग घेते आणि नायिकेचा चेहरा एकाएकीं पुसट होतो, तो यामुळें. साठा संपला कीं चित्र थबकतें आणि मधोमध एक चक्र फिरत राहतें. हे तुकडे प्रत्येक वेळीं सातासमुद्रांपलीकडून यावयास नकोत म्हणून त्यांच्या प्रती ठिकठिकाणच्या कोठारांत ठेविलेल्या असतात. शिवाय ते कुलूपबंद येतात. किल्ली यंत्रास मिळते, माणसास नव्हे. चित्रपट 'उतरवून' घेतला तरी किल्लीची मुदत सरली कीं तो उघडत नाहीं. विद्यार्थ्याचें 'उद्यां दिसणार नाही' तें येथें आहे.

हिंदुस्थानांत ही पद्धति झपाट्यानें पसरली ती 2015 नंतर. त्या वर्षीं हॉटस्टार निघालें, 2016 च्या जानेवारींत नेटफ्लिक्स व डिसेंबरांत अमेझॉनचें प्राइम व्हिडिओ आलें, 2018 मध्यें झी5. परंतु आमच्या मतें खरा दिवस 5 सप्टेंबर 2016 हाच. त्या दिवशीं जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झालें, आणि ज्या घरांत संगणक कधीं आला नाहीं त्या घरांत पडदा आला. पेढ्यांनींहि माणूस ओळखला. नेटफ्लिक्सनें 2019 मध्यें येथें केवळ मोबाइलपुरती 199 रुपयांची वर्गणी काढली व 2021 च्या डिसेंबरांत ती 149 वर आणली. 2023 च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळीं पांच कोटींहून अधिक यंत्रांवर दिसत होता. 2025 च्या फेब्रुवारींत हॉटस्टार व जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालें. त्याच वर्षीं जूनपासून प्राइम व्हिडिओनें वर्गणीदारांसहि जाहिराती दाखविण्यास आरंभ केला. त्या नकोत तर निराळे पैसे. वर्गणी म्हणजे जाहिरातींपासून सुटका, ही जी पहिली ग्वाही, ती दहा वर्षेंहि टिकली नाहीं.

या वर्गणीचा वसूलदार दारीं येत नाहीं. रक्कम खात्यांतून आपोआप जाते. रिझर्व्ह बँकेनें 1 ऑक्टोबर 2021 पासून अशा कपातीची सूचना 24 तास आधीं देण्याचा नियम लागू केला, तेव्हां आपण कशाकशाचे वर्गणीदार आहों हें अनेकांस प्रथम कळलें. आम्हीहि त्यांत होतों. जुन्या ग्रंथाच्या यादींत वर्गणीदाराचें नांव छापीत आणि तो पुस्तक वाचतो कीं नाहीं याची वास्तपुस्त कोणी करीत नसे. नव्या पेढीस त्याच्या नांवाशीं कर्तव्य नाहीं; पण त्यानें कोणत्या प्रसंगीं चित्रपट थांबविला, काय अर्धवट टाकलें, रात्रीं किती वाजेपर्यंत जागला, हें सारें तिच्या दप्तरीं असतें, व त्यावरून पुढचें ताट वाढलें जातें. एका घरची वर्गणी दुसऱ्या घरानें वापरण्यासहि नेटफ्लिक्सनें 2023 च्या जुलैपासून येथें आळा घातला. आमच्या डब्यांतील चार हातांतून फिरणारा अंक या कायद्यानें गुन्हेगार ठरता.

मराठीचें यांत काय झालें? 2019 मध्यें 'फायरब्रँड' व '15 ऑगस्ट' हे चित्रपट थेट नेटफ्लिक्सवर आले. 2021 च्या मार्चांत दशावताराच्या पार्श्वभूमीवरील 'पिकासो' प्राइमवर, आणि एप्रिलांत चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. याच चित्रपटास 2020 सालीं व्हेनिस येथें पटकथेचें पारितोषिक मिळालें होतें. केवळ मराठीसाठीं काढलेली 'प्लॅनेट मराठी' ही सेवा 2021 च्या ऑगस्टअखेरीस सुरू झाली, आणि तिनें त्यापूर्वीं जूनअखेरीस पैसे घेऊन दाखविलेला पहिला चित्रपट होता 'जून'. तो आमच्याच औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, घडतो. ओळखीचे रस्ते पडद्यावर पाहून आम्हांस जो आनंद झाला तो समीक्षकास शोभणारा नव्हता.

तरी बंगालीची 'होईचोई' 2017 मध्यें आणि तेलुगूची 'आहा' 2020 मध्यें निघाली, आणि मराठीस 2021 उजाडावें लागलें, याचें कारण प्रेक्षकांची उदासीनता हें नव्हे. 1936 चा 'संत तुकाराम' मराठींतच होता. तो मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढल्या सालीं व्हेनिसला वाखाणला गेला. कारण असें कीं मराठी माणसास हिंदी समजतें आणि हिंदी चित्रधंद्याची राजधानी त्याच्याच मुंबईंत आहे. ज्याला हिंदी विकतां येतें त्याला मराठी वेगळी विकण्याची गरज व्यापाऱ्यास भासत नाहीं. प्रभातनें 1932 मध्यें 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी असा दुहेरी काढला तो याच हिशेबानें.

गेल्या वर्षीं आमच्या वर्गास एक मराठी चित्रपट दाखवावयाचा होता. ज्या पेढीची वर्गणी आम्ही नियमानें भरतों तिच्या यादींत तो आम्हीं पूर्वीं पाहिलेला. ऐन दिवशीं शोधला तों नाहींसा. चौकशीअंतीं समजलें कीं पेढ्या बहुतेक चित्रपट ठराविक मुदतीपुरतेच घेतात आणि मुदत संपतांच ते उतरतात. तासभर आम्हीं कथानक तोंडी सांगितलें.

याचें दुःख एका तासापुरतें नाहीं. 'राजा हरिश्चंद्र' आज समग्र उपलब्ध नाहीं. कांहीं रिळेंच उरलीं आहेत. 1964 मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर यांच्यासारखा वेडा संग्राहक तेथें लाभला, म्हणून फाळक्यांचें एवढें तरी हातीं लागलें. पुस्तकांसाठीं 1954 चा कायदा आहे. प्रत्येक प्रकाशकानें नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत पाठविली पाहिजे, आणि पुढें 1956 मध्यें वृत्तपत्रेंहि त्यांत आलीं. चित्रपट त्या कायद्यांत नाहीं. फाळक्यांच्या फिती निदान कोणाच्या तरी घरीं पेटींत पडून राहूं शकल्या. जी मालिका केवळ पेढीच्या कोठारांतच आहे, जिची किल्ली यंत्रास मिळते व माणसास मिळत नाहीं, ती पेढी मिटल्यावर नायरांनीं कोणाच्या घरीं शोधावी?

संध्याकाळच्या गाडीला तो विद्यार्थी पुन्हां भेटला. सकाळीं दौलताबादच्या अलीकडे चक्र फिरत राहिलें आणि शेवटचीं अकरा मिनिटें राहून गेलीं, असें म्हणाला. "सर, तुम्ही पाहिली असेल ना? पुढे काय होतं?" आम्हांस सांगतां आलें नाहीं. आमची वर्गणी दुसऱ्या पेढीची होती.