भाषेच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा अभिप्राय: कधी घ्यावा, काय विचारावे आणि पुढे काय करावे?

विद्यापीठातील जर्मन, जपानी किंवा इंग्रजीचा वर्ग. सत्र संपत आले की विद्यार्थ्यांना एक फॉर्म मिळतो. शिक्षक वेळेवर येतात का, नीट समजावतात का, एक ते पाच गुण द्या. फॉर्म भरून होतो आणि फाइलला लागतो. भरणाऱ्यांना त्याचा काही फायदा होत नाही, कारण त्यांचा अभ्यासक्रम तोवर संपलेला असतो.

ही पद्धत आली कुठून?
अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हर्मन रेमर्स यांनी १९२०च्या दशकात शिक्षकांना गुण देण्याची प्रश्नावली तयार केली. भारतात नॅकने २०१७च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. मात्र हे सर्वेक्षण संपूर्ण संस्थेबद्दल असते. फ्रेंचच्या वर्गात बोलण्याचा सराव पुरेसा होतो का, हे त्यातून कळत नाही.

जास्त गुण म्हणजे चांगले शिकवणे का?
तसे म्हणता येत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गटात बसून स्वतः प्रश्न सोडवणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. भाषेच्या वर्गातही हा धोका आहे. फळ्यावरचे व्याकरण वहीत उतरवले की शिकल्यासारखे वाटते. चारचौघांत चुकत बोलताना अवघडल्यासारखे होते. पण बोलता येते ते बोलूनच.

गुणांमध्ये पूर्वग्रहही डोकावतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन शिक्षक पुरुष आहे असे ज्या विद्यार्थ्यांना सांगितले होते, त्यांनी जास्त गुण दिले. प्रत्यक्षात शिकवणारी व्यक्ती स्त्री असली तरीही. कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या वादात तर २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला, की बढती किंवा कायम नेमणुकीसाठी शिकवण्याची परिणामकारकता अशा गुणांवरून मोजू नये. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची पुढची नेमणूक या आकड्यांवर ठरू लागली, तर कठीण पण उपयोगी सराव टाळण्याचा मोह होणारच.

मग अभिप्राय कसा घ्यावा?

* सत्राच्या मध्यावर. म्हणजे बदल त्याच वर्गाला मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झालेल्या एका पद्धतीत शिक्षक बाहेर जातात आणि दुसरा सहकारी वर्गाचे छोटे गट करतो. शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते आणि काय बदलावे, यावर गट एकमताने उत्तरे देतात. नावे न सांगता ती शिक्षकांपर्यंत पोहोचतात.
* कौशल्यानुसार. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांबद्दल वेगवेगळे विचारावे. युरोपच्या २००१च्या भाषा चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि ‘मला काय करता येते’ अशी विधाने आहेत. ‘वर्ग आवडला का?’ यापेक्षा ‘अनोळखी माणसाला रस्ता विचारता येतो का?’ या प्रश्नाचे उत्तर जास्त उपयोगी असते.
* इतर माहितीशी ताडून. तोंडी परीक्षा, वह्या आणि हजेरी यांच्याशी अभिप्राय जुळतो का, हे पाहावे.

सर्वांत जास्त राहून जाणारी पायरी
अभिप्राय घेतल्यावर पुढच्या एक-दोन तासिकांतच शिक्षकांनी वर्गाला सांगावे: हे बदलत आहोत, हे बदलता येणार नाही आणि त्याचे कारण हे. उदाहरणार्थ, ऐकण्याचा सराव आठवड्यातून दोनदा होईल, पण विद्यापीठाने ठरवलेले पाठ्यपुस्तक तेच राहील. हे उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या वेळी मुले डोळे मिटून सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करतात.

विद्यार्थ्यांनी काय लिहावे?
‘सर छान शिकवतात’ किंवा ‘बोअर होते’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘ऑडिओ एकदाच ऐकवतात, दुसऱ्यांदा ऐकला तर समजेल’ असे लिहिले, तर पुढच्याच तासाला काय करायचे ते शिक्षकांना कळते.