व्युन्सडॉर्फ : काँक्रीटची गुपिते आणि एक लाकडी मशीद

युद्धे संपतात, पण युद्धासाठी बांधलेल्या वास्तू मागे उरतात. त्यांच्याविषयी माणसाला मोठे कुतूहल असते. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर, पाइनच्या झाडीत व्युन्सडॉर्फ नावाचे गाव आहे. तिथल्या ओसाड लष्करी इमारती आणि तळघरे पाहायला आज दूरदूरचे लोक येतात. या गावाच्या इतिहासात एक पान आपलेही आहे. ते मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले आहे.

आधी डोळ्यांना जे दिसते ते पाहू. 1937 ते 1939 या काळात हिटलरच्या सैन्याने इथे 'मायबाख' या नावाने गुप्त मुख्यालय उभारले. वर्तुळाकार मांडलेली 12 घरे, उतरती छपरे, धुराडी! आकाशातून पाहणाऱ्या वैमानिकाला साधी खेडवळ वस्ती वाटावी. प्रत्यक्षात त्या घरांच्या भिंती जाड काँक्रीटच्या होत्या. जमिनीखाली मजले होते आणि ते भुयाराने एकमेकांना जोडलेले होते. शेजारी 'झेपेलिन' नावाचे संदेशवहनाचे भूमिगत केंद्र होते. युरोपभर पसरलेल्या सैन्याला इथून हुकूम सुटत.

एप्रिल 1945 मध्ये रशियन सैन्य इथे पोहोचले. पुढे मायबाखला सुरुंग लावले गेले, तरी ते काँक्रीट पुरते फुटले नाही. नंतर हेच गाव पूर्व जर्मनीतील सोव्हिएत सैन्याचे मुख्यालय झाले. सामान्य जर्मन माणसाला तिथे मज्जाव होता. मॉस्कोला इथून थेट रेल्वे जाई. 1994 मध्ये रशियन सैन्य निघून गेले आणि अफसरांचे भव्य भवन, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव सारे ओस पडले. भवनासमोर लेनिनचा पुतळा तेवढा उभा राहिला.

पण या भूमीचे सर्वांत जुने गुपित काँक्रीटचे नव्हे, लाकडाचे होते.

पहिले महायुद्ध 1914 मध्ये सुरू झाले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला आणि 14 नोव्हेंबर 1914 रोजी इस्तंबूलमध्ये जिहादची घोषणा झाली. तुर्की सुलतान हा खलिफा. हिंदुस्थानातील मुसलमानांच्या मनात त्याच्याविषयी केवढा आदर होता, हे पुढच्या खिलाफत चळवळीने दाखवून दिलेच. बर्लिनमध्ये माक्स फॉन ओपेनहाइम नावाच्या मुत्सद्द्याने या आदराचा हिशेब मांडला. इंग्रज, फ्रेंच आणि रशियन साम्राज्यांत कोट्यवधी मुसलमान राहतात. ते बिथरले तर शत्रूचे साम्राज्य आतून पोखरले जाईल! त्यासाठी परराष्ट्र खात्याने एक प्रचारकचेरीच उघडली. ज्या मुसलमानांवर हा प्रयोग करायचा, ते तर युद्धकैदी म्हणून हाताशी होतेच.

फ्लांडर्सच्या आणि फ्रान्सच्या चिखलात लढताना पकडलेले हिंदी शिपाई, अल्जीरिया-मोरोक्कोचे मुसलमान, रशियन सैन्यातील तातार अशा कैद्यांना व्युन्सडॉर्फ आणि शेजारच्या त्सोसेन येथे आणले गेले. व्युन्सडॉर्फच्या छावणीचे नाव होते 'अर्धचंद्र छावणी'. तिथे चार ते पाच हजार कैदी होते. हिंदी विभागात मुसलमानांबरोबर शीख, हिंदू आणि गुरखेही होते. कैद्यांना आपापल्या रिवाजाप्रमाणे जेवण रांधण्याची आणि सण साजरे करण्याची मुभा होती.

याच छावणीत मशीद उभी राहिली. जर्मन भूमीवर नमाजासाठी बांधलेली ही पहिली मशीद. सारे बांधकाम लाकडी, वर घुमट आणि 23 मीटर उंच मिनार. 13 जुलै 1915 रोजी, रमजानच्या आरंभी, तिचे उद्घाटन झाले. तिच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे छापून जगभर पाठवली गेली. पाहा, कैसर मुसलमानांचा केवढा दोस्त आहे! त्या मिनाराभोवती काटेरी तारेचे कुंपण होते, हे कोणी सांगत बसले नाही.

बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारक छावणीत येत, भाषणे करत. हिंदी कैद्यांसाठी उर्दू आणि हिंदीत 'हिंदोस्तान' नावाचे वृत्तपत्र निघे. तरीही मनापासून शस्त्र हाती घ्यायला तयार झालेले हिंदी शिपाई फारच थोडे निघाले. बहुतेकांचे लक्ष घराकडे होते. थंडी आणि क्षय यांनी माणसे मरू लागली, तेव्हा 1917 मध्ये उरलेल्या हिंदी कैद्यांना रुमानियात हलवण्यात आले.

याच काळात जर्मन विद्वान ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन कैद्यांच्या छावण्यांत फिरत होते. वेगवेगळ्या भाषांचे नमुने त्यांना हवे होते. 1915 ते 1918 या काळात सोळाशेहून अधिक तबकड्या तयार झाल्या. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात त्या जपलेल्या आहेत. त्यांतली एक मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायाची, 11 डिसेंबर 1916 ची. तो स्वतःचे नाव घेत नाही. एक माणूस होता, अशी गोष्ट सांगावी तसे सांगतो. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खात होता, दूध पीत होता. इंग्रजांच्या नोकरीत शिरला, युद्धात आला आणि जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला घरी जायचे आहे. आणखी दोन वर्षे इथेच राहिला तर तो मरून जाईल. विद्वानांना भाषेचा नमुना हवा होता. शिपायाने त्यांच्या हाती आपले काळीज ठेवले!

युद्ध हरल्यावर जर्मनीला मशिदीची गरज उरली नाही. काही वर्षे बर्लिनचे मुसलमान ईदला तिथे जात. 1924 च्या सुमारास ती बंद झाली आणि नंतर पाडली गेली. मागे उरले ते एका रस्त्याचे नाव, मोशेश्ट्रासे, म्हणजे मशीद रस्ता. जवळच त्सेरेन्सडॉर्फ येथे 206 हिंदी सैनिकांचे दफनस्थान आहे. पूर्वी ते लष्करी सराव-क्षेत्रात अडकले होते. रशियन गेल्यावर त्याची डागडुजी होऊन 2005 मध्ये ते पुन्हा नीट झाले. आणि 2015 मध्ये नियतीने एक विलक्षण योग जुळवून आणला. युद्धाने होरपळलेल्या देशांतून जर्मनीत आलेल्या निर्वासितांसाठी याच जागेवर निवारा उभारायचे ठरले. त्याआधी पुरातत्त्वज्ञांनी खणले, तेव्हा त्या लाकडी मशिदीच्या खुणा मातीतून वर आल्या.

या साऱ्यातून आपण काय घ्यायचे? ज्या सत्तेला आपल्या मजहबाशी काही देणेघेणे नाही, ती एकाएकी आपल्यासाठी मिनार बांधू लागली, तर त्याच्या पायात काय गाडले आहे हे पाहावे. पाहुणचार झाला म्हणजे इज्जत झाली असे नव्हे. मात्र एवढे म्हणून थांबलो तर त्या शिपायांवर अन्याय होईल. मशीद बांधणाऱ्यांची नियत काहीही असो, तिथे टेकलेले कपाळ खोटे नव्हते. परक्या मुलखात, तारेच्या कुंपणाआड, कोणी वजू करून किबल्याकडे तोंड केले असेल, तर ती नमाज कैसरच्या खात्यात जमा होत नाही.

इंग्रजांच्या दप्तरी हे शिपाई आकडे होऊन राहिले. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासाने त्यांना परक्यांचे चाकर समजून दाराबाहेर ठेवले. जर्मनांनी त्यांचा आवाज जपला, पण तोही नमुना म्हणून. तो आवाज माणसाचा म्हणून ऐकणे अजून बाकी आहे, आणि ते काम आपलेच आहे.