कोखर, एमील टेओडोर
कोखर, एमील टेओडोर : (२५ ऑगस्ट १८४१ – २७ जुलै १९१७). स्विस शल्यचिकित्सक; अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे संशोधक. जन्म व मृत्यू बर्न येथे. १८७२ मध्ये तेथील विद्यापीठात शस्त्रक्रिया विषयाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत बर्नमध्येच राहिले.

आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीनच्या अभावामुळे गलगंड (अवटू ग्रंथीची वाढ) घरोघरी आढळे. त्यावरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांमुळे पुष्कळ रुग्ण दगावत. निर्जंतुक पद्धत आणि एकेक रक्तवाहिनी बांधत संथपणे काम करण्याची शिस्त यांमुळे कोखर यांच्या हाती हे मृत्यू एक टक्क्याच्या खाली आले. मात्र त्यांचे खरे मोठेपण पुढच्या पावलात आहे. संपूर्ण ग्रंथी काढल्याने होणाऱ्या दुष्परिणामांविषयीचे जिनीव्हाचे शल्यचिकित्सक झाक-लुई रेव्हेर्दँ यांचे निरीक्षण कळल्यावर त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी बहुतेकांना सूज, मांद्य व बुद्धिजडत्व आले होते. मुलांची वाढ खुंटली होती. १८८३ मध्ये बर्लिनच्या शल्यचिकित्सक परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि ग्रंथीचा काही भाग राखण्याचा आग्रह धरला. आपल्याच यशस्वी शस्त्रक्रियांचे दुष्परिणाम असे उघड मांडणे त्या काळी दुर्मिळच होते. शरीराला या ग्रंथीची गरज आहे, हे त्यातून ठळक झाले.

खांद्याचा निखळलेला सांधा बसविण्याची रीत, पित्ताशयासाठीचा छेद, ग्रहणी मोकळी करण्याची क्रिया व पकडचिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. अमेरिकन मेंदू-शल्यचिकित्सक हार्व्ही कुशिंग यांनी काही काळ त्यांच्याकडे संशोधन केले. १९०९ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले शल्यचिकित्सक होत.