राजाचे आडनाव आणि तळ्यातील शेणखत

मत्स्यतळ्यात शेणखत घालण्याची चाल आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिलाही काही कुळ असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु या चालीचा माग काढीत गेल्यास तो एका चिनी राजघराण्याच्या आडनावापाशी जाऊन पोहोचतो, असे माझे मत आहे.

फान ली याच्या नावावर चालत आलेल्या प्राचीन मत्स्यग्रंथात कार्प हाच पाळण्याजोगा मासा म्हणून वर्णिला आहे. पुढे 618 साली थांग घराणे गादीवर आले. राजाचे आडनाव ‘ली’, आणि कार्पच्या चिनी नावाचा उच्चारही तसाच. म्हणून कार्प जाळ्यात सापडल्यास सोडून द्यावा आणि विकणाऱ्यास साठ फटके मारावेत असा कायदा होता, अशी नोंद नवव्या शतकातील त्वान छंग-शी याने केली आहे. बाजारातील मुख्य माशावरच अशी मनाई आल्यामुळे मत्स्यपालकांनी गवत्या, चंदेरा या नदीतल्या जातींकडे मोहरा वळवला, असे मी मानतो.

यावर आक्षेप असा की, त्या काळच्या काव्यात कार्पची पक्वान्ने खुशाल वाढली जातात, तेव्हा मनाई कागदावरचीच असावी. परंतु श्रीमंताच्या ताटात चोरून पडणारा मासा आणि उघड विक्रीसाठी पोसलेला मासा यांत अंतर आहे, आणि तळी राखली जातात ती विक्रीसाठी. दुसरा पक्ष म्हणतो की, नदीतून धरलेले मत्स्यबीज मुळातच मिश्र असल्यामुळे अनेक जाती तळ्यात आपोआप शिरल्या. हा पक्ष दुबळा नाही. तथापि आपोआप शिरलेल्या जाती वेचून टाकण्याऐवजी मुद्दाम राखाव्यात, अशी बुद्धी कार्पच्या मनाईनेच दिली असावी. हा दुवा अनुमानाचा आहे, पण मला तो सोडवत नाही.

या जाती एकत्र आल्यावर काय घडले, हे श्यू क्वांग-छी याच्या 1639 साली प्रसिद्ध झालेल्या कृषिग्रंथात स्वच्छ दिसते. तळ्याच्या काठी मेंढवाडा बांधावा, रोज सकाळी लेंड्या झाडून पाण्यात लोटाव्यात, त्यांवर गवत्या पोसावा, आणि गवत्याच्या विष्ठेवर चंदेरा, अशी ती व्यवस्था आहे. वस्तुतः चंदेऱ्याचे खरे अन्न विष्ठा नव्हे. तिच्यातील नत्र व स्फुरद यांवर पाण्यात सूक्ष्म प्लवंग माजतात आणि चंदेरा ते कल्ल्यांनी गाळून खातो. कारण चुकले तरी कृती अचूक होती.

1959 साली गवत्या हाँगकाँगहून आणि चंदेरा जपानहून भारतात आणण्यात आला, व कटला, रोहू, मृगळ यांच्या सोबतीने ते दोन्ही आपल्या तळ्यांत वाढू लागले. शेण घालून ते पोसणाऱ्या तळ्याच्या धन्याने मात्र एवढे पथ्य पाळावे: हात पाण्यात बुडवीत न्यावा, आणि कोपर बुडण्यापूर्वीच तळवा दिसेनासा झाला, किंवा पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले, तर शेण घालणे तत्काळ थांबवावे.