धर्मानंदांचा बायोडेटा

भाचीने गेल्या आठवड्यात मेल केला, "मामा, सीव्हीवर जरा नजर टाकशील का?" उघडून बघतो तर एकोणीस पानं! ती एका महाविद्यालयात सहा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आहे. (ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जितके तास घ्याल तितक्या तासांचे पैसे. सुट्टी लागली की पैसेही सुट्टीवर.) एकोणीस पानांत सेमिनार होते, कार्यशाळा होत्या, प्रमाणपत्रांचे क्रमांक होते. ही पोरगी वर्गात काय आणि कसं शिकवते, ते मात्र कुठेच सापडेना. तिचा दोष नाही. विचारलं जातं तेच माणूस लिहितो.

मग आमच्या नेहमीच्या खोडीप्रमाणे मी इतिहासात शिरलो. म्हटलं, पूर्वी मास्तरांना नोकऱ्या मिळायच्या तरी कशा?

आधी शब्दच घ्या. 'करिक्युलम' म्हणजे लॅटिनमध्ये धाव, किंवा धावण्याचा मार्ग. 'करिक्युलम व्हिटे' म्हणजे आयुष्याची वाटचाल. अभ्यासक्रमालाही आपण करिक्युलमच म्हणतो. म्हणजे मास्तर शिकवतो तेही करिक्युलम आणि नोकरीसाठी पाठवतो तेही करिक्युलम. गंमत आहे ना?

आता धर्मानंद कोसंबींकडे या. जन्म 1876, गोव्यातलं सांखवाळ. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, विद्यापीठाची पदवी नाही. बुद्धाविषयी वाचून असे झपाटले की 1899 मध्ये घर सोडून पुण्याला आले. तिथून संस्कृतसाठी काशी, मग नेपाळ, मग सिलोन, मग ब्रह्मदेश. सिलोनात भिक्षू होऊन पाली शिकले. 1906 च्या सुमारास कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तिथली बरी नोकरी सोडून 1908 मध्ये त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना पन्नास रुपये पत्करले. का? तर आपल्या माणसांत राहून काम करता यावं म्हणून. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्या बोलावण्यावरून 1910 ला अमेरिकेत गेले, 'विशुद्धिमार्गा'च्या संपादनासाठी. परत आल्यावर 1912 ते 1918 फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपलं वजन खर्च केलं होतं, तेव्हा कुठे हे जमलं.

आता हाच माणूस आजच्या रांगेत उभा करा. यूजीसीने 2010 मध्ये एपीआय नावाची गुणमोजणी आणली. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेला इतके. त्यानंतर कुठून कुठून नियतकालिकं उगवली आणि पैसे भरून निबंध कसे छापले जाऊ लागले, ते इथल्या प्राध्यापक मंडळींना मी सांगायला नको. 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला मुलाखतीला बोलावण्यासाठी शंभर गुणांचा तक्ता आला. त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2 गुण, जास्तीत जास्त 10. म्हणजे पाच वर्षं शिकवलेला आणि वीस वर्षं शिकवलेला एकाच पायरीवर. पदवी शून्य, नेट-सेट शून्य, अशा धर्मानंदांचा अर्ज त्या तक्त्यापर्यंतही पोचला नसता. 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची एक खिडकी उघडली. तिथे औपचारिक पदवीची अट नाही. पण ती नेमणूकही मोजक्या वर्षांची.

इथे थांबून "गेले ते दिवस" असा सुस्कारा टाकणं फार सोपं आहे. पण मला तो टाकवत नाही.

कारण त्या दिवसांची दुसरी बाजूही त्याच भांडारकरांच्या आयुष्यात दिसते. हे 1862 च्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचं काम हंगामी म्हणून केलं. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा 1873 मध्ये पीटर पीटरसन आले. भांडारकरांना डेक्कन कॉलेजची प्राध्यापकी मिळायला 1882 उजाडलं. तिकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस 1885 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, ते गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगारावर. तीन वर्षं त्यांनी पगार घेतलाच नाही, पण शिकवणं थांबवलं नाही. या दोघांकडे कागद कमी होते का? कागद होते, पण कागद वाचणाऱ्याला आधी चेहरा दिसत होता.

आणि धर्मानंदांचं तरी काय? त्यांच्यासाठी शब्द टाकायला भांडारकर होते, गायकवाड होते, वुड्स होते. त्या मोठ्या माणसांनी गुण ओळखले हे त्यांचं मोठेपण. पण त्यांच्या ओसरीपर्यंत पोचूच न शकलेली किती माणसं असतील! त्यांची नावं कुठल्या चरित्रात येणार? शिफारशीवर चालणारी व्यवस्था ओळख असलेल्यालाच ओळखते. माझ्या भाचीसाठी शब्द टाकणारं कोणी नाही. तिच्याकडे आहे तो सेटचा निकाल, पीएच.डी. आणि तो तक्ता. तक्ता आंधळा असेल, पण तो आडनाव विचारत नाही. पुढे मुलाखतीच्या खोलीत आणि त्या खोलीबाहेर काय काय विचारलं जातं, तो वेगळा विषय. असो.

म्हणून मला वाटतं, भांडण कागदाशी नाहीच. कागदावर एक रकाना कमी आहे, इतकंच. तुमच्याकडून कोण काय शिकलं? धर्मानंदांच्या बाबतीत याचं उत्तर देता येतं. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट त्यांच्याकडे शिकले आणि पालीचे नामवंत पंडित झाले. महाराष्ट्रात पालीचा अभ्यास रुजला त्यात या सहा वर्षांचा वाटा मोठा आहे. पण हे उत्तर यायला वर्षं जावी लागतात, आणि अर्जाची शेवटची तारीख तर पुढच्या शुक्रवारी असते!

तोवर निदान एक करता येईल. मी भाचीला सुचवलं की सेमिनारांची यादी शेवटी ढकल, आणि पहिल्या पानावर पाच ओळी लिही: कुठला विषय शिकवलास, मुलं कुठे अडायची, तू काय बदललंस. त्या ओळींना गुण शून्य. पण मुलाखत घेणाऱ्या पाचजणांत एखादा जरी खरा मास्तर असला, तरी तो तिथे थांबेल.

धर्मानंदांनी स्वतःचा वृत्तांत 1924 मध्ये 'निवेदन' नावाने प्रसिद्ध केला. कोणत्याही नोकरीसाठी नव्हे. त्यात मिरवणं जवळजवळ नाहीच. आहे ती पायपीट, उपासमार, आजारपणं, आणि शिकायला मिळावं म्हणून केलेली धडपड. शिक्षकाचा याहून चांगला सीव्ही मी तरी वाचलेला नाही. मिळालं तर जरूर वाचा.