हर्निया: राणीने तेरा वर्षे लपवलेली गाठ

९ नोव्हेंबर १७३७. लंडनमध्ये इंग्लंडची राणी कॅरोलाइन हिच्या पोटात अचानक जोराची कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या. राजवैद्यांनी साधी पोटदुखी समजून रक्त काढले, पोट साफ होण्याची औषधे दिली. काही उपयोग झाला नाही. राणी मात्र खरी गोष्ट सांगत नव्हती.

शेवटच्या बाळंतपणानंतर, म्हणजे १७२४ पासून तिच्या बेंबीजवळ हर्निया होता. ही गोष्ट तिचा पती, राजा दुसरा जॉर्ज याला माहीत होती. लाजेमुळे तिने ती राजवैद्यांना कळू दिली नव्हती. शेवटी राजानेच सर्जन जॉन रॅन्बी यांना सांगितले. त्यांनी तपासले, चीर दिली, पण उशीर झाला होता. अडकलेले आतडे सडले होते आणि पुढे ते फुटले. २० नोव्हेंबरला, वयाच्या ५४ व्या वर्षी राणीचा मृत्यू झाला.

तुम्ही म्हणाल, त्या काळी हा आजार ओळखताच येत नसेल. तसे मुळीच नाही.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खूण

इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये खोकल्याबरोबर पोटावर बाहेर येणाऱ्या सुजेचे वर्णन आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस सांगतो की ही सूज ओरडल्याने, जास्त जेवल्याने किंवा ओझे उचलल्याने वाढते, आणि दाबली की आत जाते.

आपल्या सुश्रुतसंहितेत याला ‘अंत्रवृद्धी’ म्हटले आहे. ओझे वाहणे, बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही तिची कारणे दिली आहेत. दाबल्यावर सूज आवाज करत वर जाते आणि सोडल्यावर पुन्हा फुगते, इतके नेमके निरीक्षण त्यात आहे. मराठीत आपण यालाच ‘अंतर्गळ’ म्हणतो.

तीन देश, तीन काळ, पण खूण एकच: येणारी-जाणारी गाठ. पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत असते. पोटातला दाब वाढला की तिथून चरबी किंवा आतडे बाहेर डोकावते, आडवे झाले की परत आत जाते. म्हणूनच हा आजार ओळखायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत.

घरी कसे पाहाल?

• आरशासमोर उभे राहा. दोन्ही जांघा, बेंबी आणि पूर्वीच्या ऑपरेशनचा व्रण नीट पाहा.
• जोरात खोका. एखादी जागा फुगते का? हात ठेवल्यावर धक्का जाणवतो का?
• आता आडवे व्हा. फुगवटा कमी होतो का?
• दिवसभर उभे राहिल्यावर, कुंथताना किंवा वजन उचलताना जांघेत जडपणा, ओढ वाटते का?

पुरुषांमध्ये ही सूज अंडकोषात उतरू शकते. स्त्रियांमध्ये जांघेच्या घडीखाली छोटीशी गाठ असू शकते. ती लहान म्हणून सोडू नका, कारण तिथले आतडे अडकण्याचा धोका जास्त असतो. बाळ रडताना बेंबी फुगत असेल तर ती बहुतेक वेळा वाढत्या वयात आपोआप बरी होते. पण बाळाच्या जांघेतील फुगवटा लगेच डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातीला गाठ दुखत नाही. तिथेच फसगत होते. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणत वर्षे निघून जातात.

गाठ आत जाईनाशी झाली तर

गाठ कडक झाली, दुखू लागली, आडवे होऊनही आत जात नाही, उलट्या होतात, पोट फुगले, गॅस किंवा शौचाला होत नाही, गाठीवरची कातडी लाल-काळसर झाली, तर आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता आहे. राणीचे हेच झाले होते. अशा वेळी गाठ जोराने आत ढकलू नका, चोळू नका, जुलाबाचे औषध देऊ नका, काही खाऊ-पिऊ घालू नका. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

राणीकडे नव्हते ते तुमच्याकडे आहे

राणीच्या काळी भूल नव्हती, ती १८४६ नंतर आली. इटलीतील पादुआ येथे एदोआर्दो बासिनी यांनी १८८४ पासून जांघेची कमकुवत भिंत थरांनी शिवायला सुरुवात केली आणि हर्नियाचे ऑपरेशन खात्रीचे झाले. विसाव्या शतकात त्या जागी जाळी बसवण्याची पद्धत आली. ही जाळी गरिबांना परवडेना, तेव्हा धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून दाखवले. २००३ मध्ये त्यांचे अनुभव भारतीय शल्यचिकित्सा नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पट्टा बांधून गाठ दबलेली राहते, भिंतीतले छिद्र बुजत नाही. प्रत्येक हर्नियाला घाईने ऑपरेशन लागते असेही नाही. पण ते कधी करायचे हे सर्जनने तपासूनच ठरवायला हवे.

जांघेतली गाठ दाखवायला आजही अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः घरातल्या स्त्रियांना आणि वयस्कर माणसांना. आज घरी त्यांना एवढेच विचारा: ‘खोकताना कुठे काही फुगतं का?’