आंकडा आणि त्याची वेळ

पेढीवरच्या जुन्या मुनिमाला दोन वह्या लागत. सौदा झाला कीं तो रोजकीर्दींत उतरावयाचा, आणि दिवे लागल्यावर त्याची खतावणी व्हावयाची. कोणता माल खपला, कोणाकडे किती येणें राहिलें, हें मालकाला खतावणीवरून समजे. म्हणजे सकाळची हकीकत त्याला रात्रीं कळे. व्यापार एका गांवापुरता होता तोंपर्यंत हा उशीर कोणाला जाचला नाहीं. पुढें बाजार दूरदूर पसरले, आणि गोष्ट घडणें व ती समजणें यांमधील अंतर कमी करण्याची धडपड सुरू झाली. गेल्या पावणेदोनशें वर्षांचा व्यापाराचा इतिहास बऱ्याच अंशीं या धडपडीचाच इतिहास आहे.

१८५० सालीं बर्लिन व पॅरिस यांना जोडणाऱ्या तारेंत आखेन ते ब्रुसेल्स एवढा तुकडा रिकामा होता. पॉल ज्युलियस रॉयटर यानें तेथें कबुतरें ठेविलीं. शेअरांचे भाव घेऊन निघालेलें कबूतर आगगाडीच्या कित्येक तास आधीं पोंचे, आणि त्या तासांनाच व्यापारी पैसे मोजीत. तारेचा तुकडा जोडला गेल्यावर कबुतरांचें काम संपलें. रॉयटरनें १८५१ मध्यें लंडनला कचेरी उघडली.

१८६७ सालीं न्यूयॉर्कमध्यें एडवर्ड कॅलहन यानें भाव छापणारें तारायंत्र तयार केलें. तोंवर शेअरबाजारांतून दलालांच्या कचेऱ्यांकडे चिठ्ठ्या घेऊन पोरें धांवत असत. आतां कचेरींतच कागदाची अरुंद फीत सरकूं लागली, आणि तिच्यावर शेअरचें सांकेतिक नांव व भाव उमटूं लागला. टिकटिक अशा आवाजावरून यंत्राला ‘टिकर’ हें नांव पडलें. थॉमस एडिसननें पुढें त्यांत मोठ्या सुधारणा केल्या.

या फितीची खरी परीक्षा २४ ऑक्टोबर १९२९ रोजीं झाली. त्या गुरुवारीं न्यूयॉर्कच्या बाजारांत १ कोटि २८ लाख ९४ हजार ६५० शेअरांची उलाढाल झाली. इतके सौदे छापण्याची गति यंत्राला नव्हती. बाजार दुपारीं ३ वाजतां बंद झाला. फीत सायंकाळीं ७ वाजून गेल्यावर थांबली. फीत मागें पडली आहे हें लोकांना ठाऊक होतें. पण खरा भाव काय, हें तिच्यावरून कळत नव्हतें. त्या अज्ञानानें भीति वाढली, आणि भीतीपोटीं मिळेल त्या किंमतीला शेअर विकले गेले. मंदीचीं मूळ कारणें निराळीं व खोल होतीं. परंतु त्या दिवशींच्या घबराटीला उशिरां आलेल्या आंकड्यांनीं हातभार लावला, यांत शंका नाहीं.

कागदाच्या फितीची जागा कालांतरानें पडद्यानें घेतली. मुंबईंत १९९४ सालीं नॅशनल स्टॉक एक्सचेंजनें शेअरांचे सौदे संगणकाच्या पडद्यावर सुरू केले, आणि १९९५ मध्यें दलाल स्ट्रीटवरील जुन्या बाजारांतली आरडाओरडही थांबली. पण तो पडदा दलालाचा होता. सामान्य गृहस्थाच्या घरीं तो आला वेबमुळें.

वेबची पद्धति टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं सुचविली. संशोधकांनीं एकमेकांचे लेख वाचावे, हा तिचा हेतु. ब्राउझरनें पान मागावें, सर्व्हरनें तें द्यावें, आणि संभाषण तेथेंच संपावें. लेखाला एवढें पुरे. भावाला व विक्रीला तें पुरत नाहीं, कारण पान हातीं पडतांच शिळें होऊं लागतें. म्हणून पानानें दर कांहीं सेकंदांनीं पुन्हा विचारीत राहावें, अशी युक्ति निघाली. १९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरांत सबंध पान न बदलतां तेवढा आंकडाच मागण्याची सोय आली. २०११ मध्यें वेबसॉकेट ही पद्धति प्रमाण ठरली. तिच्यांत एकदां जोडलेला दुवा उघडाच राहतो, आणि नवा आंकडा सर्व्हर आपण होऊन धाडतो.

तरीही एक अडचण उरते. तीन वर्षांच्या विक्रीचा जिल्हावार आढावा चालू रोजकीर्दीलाच विचारला, तर गिऱ्हाइकाची पावती अडून राहते. यासाठीं आढाव्याची वही संगणकांतही निराळी ठेवतात. पूर्वीं ती रात्रीं भरली जाई. म्हणजे मुनिमाचीच रीत. आतां प्रत्येक नोंद होतांच पुढें धाडतां येते. लिंक्डइन कंपनींत तयार होऊन २०११ सालीं सर्वांना खुली झालेली काफ्का ही व्यवस्था याच कामाची आहे.

अंतर असें क्षणांवर आलें, तरी तें नाहींसें झालेलें नाहीं. आणि धोका नेमका येथें आहे. १९२९ ची फीत मागें पडली, तेव्हां लोकांना तें ठाऊक तरी होतें. आजच्या पानाचा दुवा मध्येंच तुटला, तर शेवटचा आंकडा तसाच झळकत राहतो, आणि पाहणारा त्याला ताजा समजून माल मागवितो किंवा शेअर विकतो. म्हणून असें पान रचणाऱ्यानें प्रत्येक आंकड्याशेजारीं त्याची वेळ द्यावी, आणि दुवा तुटल्यास तसें स्पष्ट सांगावें. मुनीम हें कधीं विसरला नाहीं. त्याच्या रोजकीर्दीच्या पानावर रकमेच्या आधीं तिथि लिहिलेली असे.